ठासणीची बंदूक किटमधून जोडताना साइट आणि बाकीचे भाग एका रेषेत कसे आणायचे

किटमधून ठासणीची बंदूक जोडणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते, बंदूक दिसायला सुंदर झाली, लाकडाला पॉलिश मस्त बसलं, पण 50 मीटरवर गोळी वीतभर डावीकडे जाते आणि मागची साइट ठोकून ठोकून खाचेच्या बाहेर लोंबायला लागली तरी मधे येत नाही. मग दोष साइटला दिला जातो, नवीन साइट मागवली जाते, आणि तरी तेच. कारण चूक साइटमधे नसतेच, ती चार पायऱ्या आधी झालेली असते, नळी दस्त्यात, म्हणजे लाकडी भागात, बसवताना किंवा बट-प्लेट (खांद्याला टेकणारी धातूची पट्टी) लावताना. म्हणून हा लेख साइटवर, म्हणजे नेम धरायच्या मागच्या खाचेवर आणि पुढच्या पात्यावर, असला तरी सुरुवात नळीपासून करावी लागते.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो म्हणजे पुढचं सगळं कळायला सोपं जाईल. या बंदुकीत मोजमापाची एकच खरी रेषा आहे, नळीच्या आतल्या पोकळीची मध्यरेषा. नळीचा वरचा सपाट पट्टा, दस्त्याची कड, किटवाल्याने आधीच कापलेली खाच, यातलं काहीही त्या रेषेला जुळेलच असं धरून चालायचं नाही, प्रत्येक गोष्ट तपासायची आणि मगच कानस हातात घ्यायची.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी. तुम्ही राहता तिथे ठासणीची बंदूक जोडायला, बाळगायला लायसन्स लागतं का ते आधी बघा, अनेक देशांत लागतं आणि "जुन्या पद्धतीची आहे" म्हणून सूट असतेच असं नाही. दुसरं, नळी प्रूफ टेस्ट (जास्त दाबाची चाचणी) झालेली, नामांकित मेकरची असावी आणि ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट, मेकरनेच बसवलेला असावा, तो आपण खोलायचा नाही, फिरवायचा नाही. आणि नळी कितीही नवीन असली तरी काम सुरू करण्याआधी गज (ठासायची काठी) आत टाकून नळीच्या तोंडापाशी बोटाने पकडा, बाहेर काढून नळीच्या शेजारी धरा, तो ब्रीच प्लगपर्यंत पोचला पाहिजे. मधेच कुठे थांबला तर आत काहीतरी आहे.

नळी मोजणं

बहुतेक किटमधे अष्टकोनी नळी येते. तोंडापाशी व्हर्नियर घ्या आणि आठही पट्ट्यांवर भिंतीची जाडी मोजा, पट्ट्यापासून पोकळीच्या कडेपर्यंत. कागदावर आठ आकडे लिहा. समोरासमोरच्या दोन भिंतींत जो फरक येतो त्याच्या निम्मी पोकळी मध्यापासून सरकलेली असते, हे लक्षात ठेवा, कारण लोक पूर्ण फरक धरतात आणि उगाच घाबरतात. समजा डावी भिंत 5 मिमी आणि उजवी 6 मिमी भरली, तर पोकळी अर्धा मिमी डावीकडे आहे. नळी 900 मिमी लांब असेल, ब्रीचला पोकळी बरोबर मधे असेल आणि ती सरळ असेल, तर या अर्ध्या मिमीचा परिणाम 50 मीटरवर साधारण 28 मिमी होतो. म्हणजे फार नाही, साइट थोडी सरकवून आरामात भरून निघतो.

खरा त्रास पोकळी वाकडी असेल तेव्हा होतो, कारण गोळी शेवटच्या काही इंचांच्या दिशेने जाते, पूर्ण नळीच्या सरासरी दिशेने नाही. म्हणून सुटी नळी घेऊन बंदूक जोडणारे कारागीर जाड बाजू वर किंवा खाली येईल अशीच नळी बसवून घेतात, आडवी कधीच नाही. वर-खालची चूक पुढच्या साइटच्या उंचीत सहज मावते, आडवी चूक मात्र साइट बाजूला लोंबवून दाखवते. किटमधे ब्रीच प्लगची शेपटी म्हणजे टँग आधीच एका पट्ट्याला जुळवलेला असतो त्यामुळे तुम्हाला निवड नसते, पण मोजून ठेवा. पुढे रेंजवर गोळी 3 सेमी डावीकडे गेली तर ती का गेली हे तुम्हाला आधीच माहीत असेल आणि तुम्ही तीन संध्याकाळी दस्ता खरवडत बसणार नाही.

मी माझ्या दुसऱ्या बंदुकीच्या वेळी हे मोजलं नव्हतं. दस्ता पूर्ण केला, पितळ बसवलं, तेल दिलं आणि मग कळलं की तोंडापाशी भिंतींत सव्वा मिमीचा आडवा फरक आहे, वर किटबरोबर आलेली मागच्या साइटची खाचही जराशी तिरकी. ती बंदूक आजही बरोबर मारते पण मागची साइट एका बाजूला स्पष्ट सरकलेली दिसते, आणि दर वेळी नेम धरताना माझी नजर तिथेच जाते.

नळी दस्त्यात बसवणं

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. किटच्या दस्त्यात नळीची नाळ मशीनने कोरलेली असते पण ती जवळजवळ बसणारी असते, पूर्ण नाही. नळीच्या खालच्या पट्ट्यांना दिव्याचं काजळ पातळ लावा, नळी सरळ खाली ठेवून हलकेच दाबा, उचला. लाकडावर जिथे काळं लागलं तिथेच लाकूड टेकतंय, तेवढंच पटाशीने किंवा खरवडणीने काढा. परत काजळ, परत दाब. पंधरा-वीस वेळा करावं लागलं तर करा. ब्रीचचा मागचा भाग लाकडाला पूर्ण टेकला पाहिजे कारण धक्का तिथून दस्त्यात जातो, टँगच्या मागच्या टोकाला मात्र कागदाएवढी फट ठेवा नाहीतर धक्क्याने मागचं लाकूड चिरतं.

आता एक चाचणी जी फार कमी लोक करतात. नळी नाळेत नुसती ठेवा, काही न आवळता, आणि तोंडाकडच्या बाजूला बोटाने आडवी ढकलून बघा. ती स्वतःहून मधे बसली पाहिजे. एका बाजूचं लाकूड तिला ढकलत असेल, म्हणजे तुम्हाला ती जोर लावून नाळेत घालावी लागत असेल, तर लाकूड नळीला वाकवतंय. बारीक लांब नळीत हे डोळ्याला दिसत नाही पण पावसाळ्यात लाकूड फुगलं की निशाणा एकीकडे आणि कोरड्या हवेत दुसरीकडे जातो. जिथे दाबतंय तिथलं लाकूड काढा.

नळीला खालून जे लग, म्हणजे भोक पाडलेले छोटे धातूचे तुकडे, असतात त्यांत पिन किंवा पाचर जाते. पूर्ण लांबीच्या दस्त्याला सहसा पिना, अर्ध्या दस्त्याच्या हॉकन धाटणीच्या रायफलला पाचर. दोन्हीत नियम तोच, लगमधलं भोक नळीच्या लांबीच्या दिशेने थोडं लांबट करायचं, एक-दीड मिमी इकडे तिकडे. लाकूड ओलाव्याने हलतं, नळी गोळ्या मारून गरम होते, तिला सरकायला जागा हवी. वर-खाली मात्र भोक घट्टच हवं. पिनसाठी दस्त्यात भोक पाडताना नळी आत घट्ट क्लॅम्प केलेली असू दे, आधी दीड मिमीचं ड्रिल, मग पिनच्या मापाचं, आणि लग नक्की किती खोल आहे ते आधी नळी बाहेर काढून मोजून दस्त्याच्या बाजूला पेन्सिलने आखून घ्या. अंदाजाने पाडलं तर ड्रिल गजाच्या भोकात निघतं, मग ते लपवता येत नाही.

दस्ता आणि बट-प्लेट सरळ आहे का

नळी बसली की वरचा पट्टा स्पिरिट लेव्हलने आडवा करून दस्ता व्हाइसमधे धरा, जबड्यांना चामडं लावून. आता मागे उभं राहून बट-प्लेटसमोर ओळंबा सोडा. ओळंब्याचा दोरा बट-प्लेटच्या टाचेतून (वरचं टोक) आणि बोटातून (खालचं टोक), दोन्हीतून गेला पाहिजे. नाही गेला तर बट पिळलेला आहे, आणि असा बट खांद्याला लावला की खांदा आपोआप बंदूक कलती करतो, नेम धरणाऱ्याला कळतही नाही.

कल किती महाग पडतो ते बघा. बंदूक उजवीकडे कलली की गोळी उजवीकडे आणि थोडी खाली जाते. समजा 100 मीटरवर गोळी 40 सेमी खाली पडते म्हणून साइटने नळी तेवढी वर रोखलेली आहे, आणि बंदूक 5 अंश कलली, तर गोळी साधारण साडेतीन सेमी बाजूला जाते. पुढे 10 अंश कलली तर सात. नेम धरणारा शपथेवर सांगेल की मी बरोबर मधे धरलं होतं, आणि तो खरंच बोलत असतो.

एक गोष्ट गोंधळात टाकते म्हणून सांगतो. अनेक दस्ते मागे थोडे बाजूला वळवलेले असतात, उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी उजवीकडे, काही मिमी, म्हणजे डोळा सहज साइटच्या रेषेत येतो. ते वळण चूक नाही, ते हवंच आहे. पीळ वेगळा आणि वळण वेगळं. ओळंबा पीळ दाखवतो, वळण नाही. पीळ असेल तर बट-प्लेटखालचं लाकूड काजळ लावत लावत एका बाजूने कमी करा, प्लेट सरळ उभी राहीपर्यंत. स्क्रूची भोकं सगळ्यात शेवटी पाडा.

लॉक, चाप आणि गजाच्या नळ्या

लॉक म्हणजे घोड्याची यंत्रणा, आणि गजाच्या नळ्या म्हणजे दस्त्याखाली गज अडकवायच्या कड्या. यावर थोडक्यात, कारण हे किटनुसार बदलतं. केपाच्या (ठिणगी देणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीच्या) बंदुकीत घोडा निपलवर, म्हणजे केप जिच्यावर बसते त्या बोंडीवर, सरळ पडला पाहिजे. निपलच्या टोकाला काजळ लावा, घोडा अंगठ्याने धरून हळू खाली आणा, मोकळा सोडू नका, आणि घोड्याच्या पोकळ तोंडात कसा ठसा उमटतो ते बघा. पूर्ण गोल ठसा आला तर छान. अर्धचंद्र आला तर घोडा एका कडेला बसतोय, केप फुटून तुकडे बाजूला उडतील. आधी लॉक-प्लेट नाळेत पूर्ण बसली आहे का, नळीला समांतर आहे का ते तपासा, बऱ्याच वेळा दोष तिथेच निघतो. तरी जुळलं नाही तर घोडा तापवून वाकवायचं काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या.

चकमकीच्या बंदुकीत कान, म्हणजे ज्यातून रंजकाची (पेल्यातल्या बारीक दारूची) आग आत जाते ते भोक, त्याचा मध्य रंजकाच्या पेल्याच्या वरच्या कडेच्या रेषेत यायला हवा, मावळता सूर्य क्षितिजावर अर्धा दिसतो तसा. कान आधीच पाडलेला असेल तर लॉक सरकवायचं, कान नाही.

चापाच्या बाबतीत एकच सांगतो. लॉकच्या आतला सिअर, म्हणजे घोडा अडवून धरणारी कळ, लाकडाला कुठेही घासता कामा नये. घासला तर घोडा अर्ध्या खाचेवर (अर्धा मागे ओढून अडकतो त्या जागी) नीट थांबत नाही, आणि तीच या बंदुकीची सुरक्षा आहे. अर्ध्या खाचेवर ठेवून चाप जोरात दाबून बघा, घोडा हलता कामा नये. हे रिकाम्या बंदुकीवर बऱ्याच वेळा करा, आणि एकदा जरी घोडा सुटला तरी बंदूक रेंजवर न्यायची नाही.

गजाच्या नळ्या बसवताना खरा गजच मोजपट्टी म्हणून वापरा. सगळ्या नळ्यांतून गज घालून ठेवा, तो अलगद सरकतोय हे बघून मगच एकेक नळीची पिन मारा. नुसत्या डोळ्याने बसवल्या की तिसरी नळी नेहमी जराशी तिरकी जाते, गज अडतो, आणि रेंजवर ठासताना जोर लावावा लागतो.

आता साइट

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करतो. आधुनिक रायफलची बोल्ट काढून मागून नळीत बघून साइट ढोबळ जुळवतात, ते इथे होत नाही, मागे ब्रीच प्लग आहे. मग काय करायचं. पोकळीत घट्ट पण अडकणार नाही असा सरळ लाकडी किंवा पितळी दांडा घ्या, दीडेक मीटर लांब, निम्म्याहून जास्त आत जाईल आणि अर्धा-पाऊण मीटर तोंडाबाहेर राहील असा. दांडा पोकळीत सैल असेल तर दोन ठिकाणी कागदी टेप गुंडाळून माप जमवा. बाहेरच्या टोकाच्या मधोमध टाचणी लावा. दांडा आतल्या आत गोल फिरवून बघा, टाचणी जागच्या जागी राहिली तर दांडा सरळ आहे, टाचणी गोल फिरली तर दुसरा दांडा शोधा.

आता टाचणीपासून टँगच्या स्क्रूपर्यंत काळा शिवणाचा दोरा ताणा, वरून बघा. दोरा वरच्या पट्ट्याच्या मधोमध जातो का. नळीच्या सुरुवातीला किती मधे, तोंडाला किती मधे, ते लिहून ठेवा. आधी भिंती मोजून जे आकडे आले होते त्यांच्याशी हे जुळलं पाहिजे, नाही जुळलं तर पोकळी आतून वाकडी आहे, आणि त्या वेळी भरवसा दांड्यावर ठेवा कारण तो तोंडाकडची दिशा दाखवतो.

वरच्या पट्ट्यावर मध्यरेषा आखायची. व्हर्नियरचा एक जबडा पट्ट्याच्या कडेला लावून रेघ मारा, तेच माप ठेवून दुसऱ्या कडेवरून रेघ मारा, दोन्हीच्या मधे जे उरतं त्याचा मध्य घ्या. मार्कर किंवा निळी शाई आधी लावली तर रेघ स्पष्ट दिसते.

जागा ठरवणं. पुढची साइट तोंडापासून साधारण 3-4 सेमी मागे. मागची साइट कुठे हे तुमच्या डोळ्यावर आहे, नियमावर नाही. लोक ती ब्रीचच्या जवळ लावतात कारण दोन साइटमधलं अंतर जास्त मिळतं, पण चाळिशीनंतर जवळची खाच धूसर दिसते. मागची साइट दुहेरी टेपने पट्ट्यावर नुसती चिकटवा, बंदूक खांद्याला लावा, उजेडात नेम धरा, आणि साइट पुढे सरकवत जा, खाचेच्या कडा स्पष्ट दिसायला लागतील तिथे खूण करा. ब्रीचपासून 20-25 सेमी ही बऱ्याच जणांना जमणारी जागा. किटमधे साइट बसवायची खाच आधीच कापलेली असेल आणि तिथली साइट तुम्हाला धूसर दिसत असेल तर ती खाच पितळी किंवा लोखंडी पट्टीने बुजवून नवीन जागी कापणं हाच उपाय, आणि तो लाजिरवाणा अजिबात नाही, जुन्या बंदुकांवर अशा बुजवलेल्या खाचा सर्रास दिसतात.

डव्हटेल खाच कापणं

डव्हटेल म्हणजे तळाला रुंद आणि वर अरुंद अशी खाच, जिच्यात साइटचा पाया आडवा सरकतो. आधी भिंत किती जाड आहे ते बघा. साडेसात सूत म्हणजे 23.8 मिमी रुंदीची नळी आणि .50 कॅलिबर (पोकळी अर्धा इंच) असेल तर पट्ट्यावर भिंत साडेपाच मिमीच्या आसपास, त्यातून रायफलिंगच्या, म्हणजे नळीच्या आतल्या पिळाच्या, खोबणीची खोली वजा करा. खाच साधारण सव्वादोन मिमी खोल गेली तरी खाली तीन मिमी राहतात. पण मधे बारीक होत जाणाऱ्या नळीला किंवा मोठ्या कॅलिबरला हा हिशोब वेगळा येतो, त्या जागेवर मोजल्याशिवाय कापू नका, आणि ब्रीचजवळ जिथे दाब सगळ्यात जास्त असतो तिथे खाच कापायचीच नाही.

साइटचा पाया सहसा 3 सूत रुंदीचा, साडेनऊ मिमी. खाचेचं वरचं तोंड पायापेक्षा कमी रुंद आखा, गुण्याने रेषा नळीला काटकोनात आहेत हे दोनदा बघा. खाच तिरकी गेली की साइट आडवी ठोकताना पुढे-मागेही सरकते आणि पातं नेम रेषेला वळलेलं दिसतं. आखलेल्या रेषांच्या आत हॅकसॉने एकमेकांना लागून काप घ्या, हव्या त्या खोलीपेक्षा केसभर कमी, मधले पातळ तुकडे छिन्नीने उडवा, तळ सपाट कानशीने एकसारखा करा. मग त्रिकोणी कानस. तिची एक बाजू ग्राइंडरवर घासून गुळगुळीत केलेली हवी, म्हणजे ती बाजू तळाला घासते पण कापत नाही, आणि फक्त तिरकी भिंत कापली जाते. त्रिकोणी कानशीचा कोन 60 अंश, डव्हटेलचाही तोच, त्यामुळे काम आपोआप जुळतं. ही एक कानस नीट तयार करायला अर्धा तास द्या.

आता सावकाश. पाचसहा घास मारा, साइट लावून बघा. परत पाचसहा घास. साइट अंगठ्याने तिसरा हिस्सा आत गेली की थांबा, बाकीची पितळी पंचाने ठोकून जाते. शेवटचा केसभर फरक खाचेतून न काढता साइटच्या पायातून काढा, साइट चुकली तर नवी मिळते. पायाची जी कड आधी आत जाते तिला हलकासा उतार द्या, म्हणजे खाचेची भिंत खरवडली जात नाही. रिवाज असा की साइट उजवीकडून डावीकडे ठोकून घालायची आणि काढताना डावीकडून उजवीकडे, तो पाळा, पुढे दुसऱ्या कुणाच्या हातात बंदूक गेली तर त्याला कळतं.

खाच सैल झाली तर घाबरू नका. पायाखाली पातळ पितळी पत्रा घाला, किंवा खाचेच्या तळाला पंचाने तीन-चार ठिपके मारा म्हणजे धातू थोडा वर येतो. फार सैल असेल तर खाचेच्या वरच्या कडा हातोडीने आत दाबून परत फिट करतात.

पुढची साइट बसली की तिचं पातं उभं आहे का ते ओळंब्यावर बघा, वरचा पट्टा लेव्हलमधे ठेवून, मागच्या साइटच्या खाचेतून पुढच्या पात्याकडे बघत आणि पात्याच्या पलीकडे लांब लटकवलेल्या दोऱ्याशी पातं जुळवत.

उंचीचा हिशोब

पुढचं पातं सुरुवातीला मुद्दाम उंच ठेवा. पातं कापलं की गोळी वर जाते, आणि कापलेला धातू परत लावता येत नाही.

किती उंच हे काढायला उंची पोकळीच्या मध्यापासून मोजा, नळीच्या पृष्ठभागापासून नाही. बरेच जण इथे फसतात. समजा नळी निमुळती आहे, मागच्या साइटपाशी 25.4 मिमी आणि पुढच्या साइटपाशी 22.2 मिमी. निम्मी रुंदी 12.7 आणि 11.1. म्हणजे पुढची साइट पृष्ठभागापासून मागच्यापेक्षा 1.6 मिमी उंच असली तरच नेम रेषा पोकळीला समांतर होते. त्यानंतर गोळी खाली पडते तेवढं भरून काढायला पुढची साइट थोडी कमी उंच हवी. दोन साइटमधे 700 मिमी अंतर असेल आणि 50 मीटरवर गोळी 10 सेमी वर आणायची असेल तर 700 गुणिले 100 भागिले 50000, म्हणजे 1.4 मिमी. हिशोबाने जी उंची येईल तिच्यापेक्षा दोन-तीन मिमी जास्तच ठेवा आणि रेंजवर जा. पहिल्या गोळ्या खाली जातील, जाऊ देत.

रेंजवर

फक्त काळी दारू किंवा मेकरने चालेल म्हणून सांगितलेला तिचा पर्याय, आधुनिक धूररहित दारू कधीही, चिमूटभरही नाही, त्याने नळी फुटते. दारू मोजमापाच्या डब्यानेच नळीत टाका, दारूच्या फ्लास्कमधून सरळ नाही, आत निखारा राहिला असेल तर अख्खा फ्लास्क हातात पेटतो. गोळी दारूला टेकेपर्यंत ठासली आहे हे गजावरच्या खुणेने दर वेळी बघा. सुरुवात मेकरने दिलेल्या हलक्या चार्जने, म्हणजे दारूच्या कमी मापाने.

पहिल्यांदा 25 मीटर. साइटला हात लावण्याआधी दारूचं माप, गोळीभोवतीच्या कापडी पॅचची जाडी, गोळीचं माप, दोन गोळ्यांच्या मधे नळी पुसायची पद्धत, हे सगळं एकसारखं ठेवून पाच-पाच गोळ्यांचे गट मारा. गट विखुरलेला असेल तर साइट हलवून काहीच होणार नाही, आधी पॅच आणि चार्ज बदलून गट आवळा. चार्ज बदलला की निशाण्याची उंचीही बदलते, म्हणून आधी चार्ज, मग साइट.

गट आवळला की त्याचा मध्य काढा, एखादी गोळी धरून दुरुस्ती करू नका. मागची साइट त्याच दिशेला सरकवा जिकडे गोळी न्यायची आहे, पुढची साइट उलट दिशेला. किती, तर वरचाच हिशोब, दोन साइटमधलं अंतर गुणिले चूक, भागिले निशाण्याचं अंतर. 25 मीटरवर 5 सेमी चूक आणि 700 मिमी अंतर असेल तर 1.4 मिमी. सरकवण्याआधी साइटच्या कडेला नळीवर पेन्सिलची बारीक रेघ मारा, व्हर्नियरने मोजून पितळी पंचाने ठोका. ठोकताना बंदूक रिकामी, आणि रिकामी आहे हे गज टाकून बघितलेली.

आडवं जुळलं की 50 मीटरवर जाऊन उंची. पुढचं पातं एका वेळी 0.2 मिमी कापा, 700 मिमी अंतराला त्याने 50 मीटरवर गोळी साधारण 14 मिमी वर येते. दोन-तीन सेमी कमी असताना थांबा आणि दुसऱ्या दिवशी परत मारून बघा, वेगळा उजेड, थंड नळी, ताजा डोळा. पातं उन्हात चमकतं तेव्हा त्याची खरी उंची दिसत नाही, गोळी ढगाळ दिवसापेक्षा वेगळ्या उंचीवर लागते आणि पातं गरजेपेक्षा कमी किंवा जास्त कापलं जातं. मागच्या बाजूला पात्याला हलका उतार देऊन मॅट केलं तर हा फरक बराच कमी होतो.

सगळं जुळल्यावर दोन्ही साइटच्या पायावर आणि नळीवर मिळून एक बारीक उभी खूण छिन्नीने उठवा. नळीला ब्राउनिंग किंवा ब्लूइंग (गंज रोखणारा तपकिरी किंवा निळसर थर) त्यानंतरच करायचं, साइट काढून, आणि परत बसवताना खुणेला खूण जुळवायची. पाचर आणि टँगचा स्क्रू आधी होता तेवढाच आवळायचा, मग 50 मीटरवर तीन गोळ्या मारायच्या आणि गट आधीच्या जागी आला की किटबरोबर आलेल्या कागदाच्या मागे चार्ज, पॅच, गोळीचं माप आणि पात्याची शेवटची उंची लिहून तो कागद जपून ठेवायचा, कारण पाच वर्षांनी पातं वाकलं आणि नवीन बसवायची वेळ आली तर तोच एक आकडा लागतो.